माती लाव आणि पळ

खेळाडूचे शरीर ही राष्ट्राची संपत्ती असते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते एका मैदानावर, व्यासपीठाच्या मागच्या कापडावर, लाल अक्षरांत. त्या कापडासमोर राष्ट्राची शंभर-सव्वाशे संपत्ती थंडीच्या दिवसांत, सकाळच्या गार जमिनीवर मांडी घालून पाहुण्यांची वाट बघत बसली होती. पाहुणे आठला येणार होते. ते साडेनऊला आले. तोवर संपत्ती गारठली होती.

मी तिथं होते त्याचं कारण इतकंच की मी बाई होते. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असलीच पाहिजे, असा नियम होता. आमच्या शाळेत शिक्षिका सात. त्यातल्या सहाजणींना लहान मुलं, सासू-सासरे किंवा शिकवण्या होत्या. मला पुस्तकं होती. हे कारण मुख्याध्यापकांना पुरेसं वाटलं नाही.

"बाई, तुम्हाला फक्त बसायचंय," ते म्हणाले. "नाहीतरी वाचतच बसता ना? तिथं बसा."

अशा रीतीनं, खो-खोतले दोन खांब सोडून दुसरं काहीही न ओळखणारी मराठीची शिक्षिका मुलींच्या खो-खो संघाची व्यवस्थापक झाली. मला साडीवर लावायला एक बिल्ला मिळाला. त्याची टाचणी बोथट होती.

संघ खरा आमच्या क्रीडाशिक्षकांचा. त्यांना सगळी शाळा नुसतं 'सर' म्हणे. बाकीच्या सरांना आडनावं जोडावी लागत. पन्नाशीचे, काटक, गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना ते रोज सकाळी ओला खडू फासत. हरल्यावर ते सगळ्या मुलींना उसाचा रस पाजत, जिंकल्यावर नाही. "जिंकल्यावर तहान लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं वैद्यकशास्त्र चार शब्दांचं होतं. कुणी पडलं, कुणाला खरचटलं, कुणाचा पाय मुरगळला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आरोळी येई, "माती लाव आणि पळ!" मुली वाकून चिमूटभर माती उचलत, दुखेल तिथं चोळत आणि पळत.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, धनुर्वात होईल एखादीला."

"तीस वर्षांत एकीलाही झालेला नाही, बाई."

वैद्यकातल्या पुष्कळ गोष्टी याच पायावर उभ्या असाव्यात असं वाटून मी पुस्तक उघडलं.

सर एके काळी स्वतः फार छान खेळत. असं लोक सांगत; सर सांगत नसत. त्या खेळाचा उरलेला पुरावा एवढाच की जिना उतरताना ते कठडा धरत, डावा पाय खालच्या पायरीवर टेकवत, मग उजवा त्याच पायरीवर आणत आणि मगच पुढची पायरी घेत. मुलांना ती सरांची ऐट वाटे. काही मुलं तशी उतरूनही बघत.

आता तिच्याविषयी. तेरा वर्षांची, आठवीत, माझ्याच वर्गात. वडिलांचं पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान होतं. तीन पिढ्या कापूस पिंजणारं मुसलमान घर. दुकानात सतत कापूस उडायचा, त्यामुळे वडिलांच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या असत आणि चाळिशीचा माणूस साठीचा दिसे. मुलगी मात्र सावळी, सडपातळ आणि वर्गात जवळजवळ अदृश्य. निबंधात ती कधी दहा ओळींच्या पुढे गेली नाही.

मैदानावर ती वेगळीच कुणीतरी होती. खो-खोत एक संघ दोन खांबांच्या मधल्या रांगेत बसतो आणि एकेक मुलगी उठून पाठलाग करते. दुसऱ्या संघातल्या तिघी-तिघी आत येऊन पळतात. जी जास्त वेळ हाती लागत नाही ती भारी. ही हातीच लागायची नाही. डावीकडे निघाली अशी आपली पूर्ण खात्री व्हावी, आणि ती उजवीकडच्या खांबाशी शांतपणे उभी असावी. तिसऱ्या सामन्याला मी पुस्तक मिटलं. चौथ्याला ते घरीच विसरले.

लोकांना वाटे, वडिलांची हरकत हाफ पँटीला असेल. वडिलांची हरकत गुडघ्यांना होती.

"बाई, पोरीचे गुडघे बघा तुम्ही," पालकसभेत ते मला म्हणाले. बाकीचे पालक गणिताचे गुण विचारत होते. "खडी टाकलेल्या रस्त्यासारखे झालेत. एवढी पळते, तर पळू द्या. पण मुलीचे गुडघे आहेत हो."

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय केला. गादीच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाच्या दोन छोट्या गुडघ्याएवढ्या गाद्या शिवल्या, आत कापूस, वर टाके, मागे नाडी. मुलीनं त्या एकटीनं बांधायला साफ नकार दिला, म्हणून त्यांनी बारा जोड शिवले. त्या वर्षी आमचा संघ गुडघ्यांना गाद्या बांधून मैदानात उतरू लागला.

"ए, गादीवाल्या आल्या!" समोरच्या शाळेच्या मुली ओरडत. "झोपा आता!"

"तुम्हालाच झोपवायला आणल्यात!" आमच्याकडून उत्तर जाई.

गुडघे सुधारले. ते आम्हाला सगळ्यांना इतकं आवडलं की जो तो गुडघेच बघत राहिला. त्यांच्या खाली नडग्या असतात, इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गणपती उठले की मोसम सुरू व्हायचा. शाळांच्या स्पर्धा दोन वयोगटांत: चौदा वर्षांखालच्या आणि सतरा वर्षांखालच्या. ती दोन्हींत बसत होती, म्हणून दोन्हींत खेळायची. शिवाय संध्याकाळी ती जवळच्या एका मंडळात जायची. मंडळाचे सामने वेगळे, प्रशिक्षक वेगळे. आमच्या सरांची समजूत अशी की मंडळात ती नुसता सराव करते. मंडळाच्या प्रशिक्षकांची समजूत अशी की शाळेत ती नुसता खेळाचा तास करते. वडिलांची समजूत अशी की दोन-दोन सर आहेत, म्हणजे दुप्पट काळजी घेतली जात असणार. तिघंही भली माणसं होती आणि तिघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता.

मला खेळ कळत नव्हता, पण समारंभ चांगले कळत. प्रत्येक स्पर्धेला उद्घाटन असे. सात वाजता सर मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावत, हातपाय ताणायला लावत. मुली घामाघूम होत. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सूचना येई, "सर्व संघांनी रांगेत बसून घ्यावे, पाहुण्यांचे आगमन होत आहे." आगमन होत नसे. पुढं ते झालं की स्वागतगीत. दीपप्रज्वलन, वाऱ्यानं दीप विझला म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन. पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. मग 'आमच्या काळी' या विषयावरचं भाषण. आभार मानणारे गृहस्थ कुणालाही विसरत नसत. आणि ते खाली बसले रे बसले की शिट्टी वाजे, आणि तासभर मांडी घालून गार पडलेल्या मुली बाणासारख्या सुटत.

"सर," मी एकदा विचारलं, "मुलींच्या मांड्या, घोटे नेहमी पहिल्या पाच मिनिटांतच कसे हो धरतात?"

"उत्साह," सर म्हणाले.

दिवाळीची सुट्टी संपून तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याशी उभी होते. खालच्या जिन्यावरून सर उतरत होते. वरून एवढंच दिसत होतं: कठड्यावर हात, डावा पाय खाली, उजवा पाय त्याच पायरीवर, मग थांबणं. त्यांना हजेरीपटाचं काही सांगायचं होतं म्हणून मी वाकून हाक मारली आणि त्यांनी वर बघितलं.

सर नव्हते. ती होती.

मी खाली गेले. "काय झालंय?"

"काही नाही, बाई."

"मग अशी का उतरतेस?"

ती पायरीवर बसली, मोजा खाली केला आणि घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या बाजूला, अंगठा टेकवला. "इथं. एवढंच. अंगठ्याएवढं."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. पहिल्यांदा पळून झाल्यावर दुखायचं. मग पळताना दुखायला लागलं. आता झोपल्यावर पण दुखतं."

"सरांना सांगितलंस?"

"सर म्हणतील, माती लाव." तिनं मोजा वर ओढला. "लावली होती."

"आणि घरी?"

"अब्बा खेळच बंद करतील. बाई, या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. रविवारपर्यंतच. तोवर कुणाला सांगू नका. तुम्हाला माझी शप्पथ."

मी 'बरं' म्हटलं. का म्हटलं, याचं उत्तर मला फारसं शोभणारं नाही. वीस वर्षं शिकवत होते; मुली मला विचारत ते परीक्षेत काय येणार एवढंच. स्वतःचं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते सांगितलं, आणि तो विश्वास मला इतका आवडला की तो टिकवण्यापुढे तिचा पाय टिकवायचं मला सुचलं नाही. शहाण्या माणसाला मूर्ख व्हायला फार मोठं कारण लागत नाही.

तो सोमवार होता. गुरुवारी सामना होता, आणि सामन्याआधी उद्घाटन. पाहुणे मातीशी असलेल्या आपल्या नात्याविषयी बोलले. ते खुर्चीवर होते. मातीवर मुली होत्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवायच्या वेळी सगळ्यांचे हात वर येत, तिचा एकच येई. दुसऱ्या हाताचा अंगठा नडगीवर तसाच. मी ते बघत होते. मी बसून होते. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं ते काम मी अगदी मनापासून करत होते.

त्या दिवशी ती फार सुंदर पळाली. समोरच्या मुली थकल्या, त्यांच्या बाई थकल्या, ती सापडली नाही. आम्ही जिंकलो. हात मिळवायला दोन्ही संघ रांगेत उभे राहिले तेव्हा आमच्या रांगेत अकराच मुली होत्या. बारावी खांबाला धरून उभी होती, एक पाय जरा उचललेला.

सर पलीकडच्या टोकाला होते, खुशीत. "काय गं, पाय संपले का? माती लाव आणि ये!"

"नाही लावायची!"

हे कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं की शेजारच्या मैदानावरचा सामनाही क्षणभर थांबला. ओरडणारी मी होते. वर्गात आवाज चढवू नये असं मी मुलींना वीस वर्षं सांगत आले होते.

"सर, तिला माती लावायची नाही," मी म्हटलं. "तिचं हाड दुखतंय. महिना झाला. मला सोमवारपासून माहीत आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी इथं लिहीत नाही.

सर आले. तिच्या पायाशी बसायला त्यांना वेळ लागला; त्यांचा गुडघा वळत नसे. बसल्यावर त्यांनी एकच विचारलं, "एकाच जागी दुखतं, की सगळीकडे?"

"एकाच जागी."

 सरांनी तिच्या गुडघ्याची छोटी गादी सोडली, तिची व्यवस्थित घडी केली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ती, तिचे वडील, सर आणि मी. डॉक्टर म्हातारे होते आणि शब्द जपून वापरत.

"महिन्याभरात सामने किती?"

"सात-आठ," सर म्हणाले.

"मंडळाचे पण असतील ना?" वडील म्हणाले.

"कसले मंडळाचे?" सर म्हणाले.

ती बोटं मोजू लागली. हाताची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "एकोणीस," ती म्हणाली. "आणि कालचा."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

"विश्रांतीचा वार कोणता?" डॉक्टर.

"रविवारी..." वडील म्हणाले.

"रविवारी दोन असतात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिची नडगी अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत आणली. एका ठिकाणी तिनं श्वास आत घेतला. मग त्यांनी क्ष-किरणांचा फोटो खिडकीसमोर धरला. "यात काही दिसत नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. हाड तुटलेलं नाही. तुटायचा विचार करतंय. विचार पक्का व्हायच्या आत थांबा. सहा आठवडे पळणं बंद."

"औषध?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"एखादा लेप? हळद, तुरटी?"

"लावा हवा तर. हाडाला कळणार नाही."

"आजवर काय लावत होता?" असं ते सरांकडे बघून म्हणाले. सर अगदी हळू म्हणाले, "माती."

 आता ती म्हणाली, "डॉक्टर, परवा रविवारी फक्त निवड आहे. तेवढी झाली की..."

"रविवारी दवाखाना बंद असतो," डॉक्टर म्हणाले. "तुटलं तर सोमवारी या."

पुण्यात याला समजावून सांगणं म्हणतात.

शनिवारी वर्गात ती माझ्याशी बोलली नाही. मी आत गेल्यावर सगळ्यांबरोबर उभी राहिली, सगळ्यांबरोबर बसली आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी सर स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "बाई, गादीच्या दुकानात जायचंय. येता का? मला एकट्याला जमणार नाही."

दुकानात शिवलेल्या गाद्यांची चळत होती. वडिलांनी आम्हाला तिच्यावर बसवलं, चहा सांगितला. सरांनी चहा येईपर्यंत वाट बघितली नाही. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं."

"मीही विचारलं नाही," वडील म्हणाले. "मी गुडघेच शिवत बसलो." ते चळतीतल्या सगळ्यात वरच्या गादीवरून हात फिरवत राहिले. "सर, लोक गादी घेऊन येतात, म्हणतात, कापूस खराब घातलात. मी उसवून बघतो. कापूस चांगला असतो. रोज एकाच अंगानं झोपले की एकाच जागी बसतो, खड्डा पडतो. पालटायला पाहिजे, आठवड्यातनं एकदा ऊन द्यायला पाहिजे. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. घरात सांगायचं राहून गेलं."

चहा आला. सरांनी कप हातात धरून ठेवला.

"मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होतो," ते म्हणाले. "गुडघा. अंतिम सामना रविवारी होता. आमच्या सरांपासून लपवलं. मित्रांना म्हटलं, रविवारपर्यंतच."

"मग?" वडिलांनी विचारलं.

"मग काय. तो रविवार अजून चालू आहे."

चळतीच्या मागे कापसाच्या पोत्यांवर कुणीतरी बसलेलं होतं. तिथून नाक ओढल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही तो कापसामुळे आला असं समजलो.

रविवारी मी निवडीच्या मैदानावर गेले. आमच्या आणखी दोघी होत्या, त्यांच्याबरोबर कुणी बाई हव्याच होत्या. थोड्या वेळानं माझ्या शेजारी ती येऊन उभी राहिली. शाळेच्या गणवेशात, पायांत चपला. हाफ पँट न घातलेली ती मैदानावर फारच लहान दिसत होती. पहिल्या तुकड्या पळाल्या तेव्हा तिच्या पायाची बोटं चपलेत आवळली जात होती. पंच नावं पुकारत होते. तिचं नाव यादीत होतं. सरांनी जाऊन ते खोडून घेतलं आणि परत येताना ते आमच्या बाजूनं न येता लांबून, मैदानाला वळसा घालून गेले.

मग आमच्या एका मुलीची पाळी आली तेव्हा ती एकदम ओरडली, "अगं, ती डाव्या अंगानं उठत नाही! डावीकडून जा!" मुलगी डावीकडून गेली. निवडली गेली.

बऱ्याच वेळानं, समोर बघतच, ती म्हणाली, "बाई, तुम्ही शप्पथ मोडली."

"हो."

"शप्पथ मोडली की ज्याची घातली तो मरतो म्हणतात."

"म्हणतात."

"मी जिवंत आहे."

"माहीत आहे. मी रोज हजेरी घेते."

ती हसली नाही. पण माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली तिनं न विचारता काढून घेतली, आणि मला ते पुरलं.

त्या सहा आठवड्यांत जे ठरलं ते कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. गादीच्या दुकानात भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. शाळेचा सामना असो की मंडळाचा, या वयोगटाचा की त्या, तो तिथंच मांडायचा असं वडिलांनी सांगितलं. दुसरीकडे मांडलेला त्यांना मान्य नव्हता. मंडळाचे प्रशिक्षक आणि आमचे सर एकमेकांना त्या भिंतीसमोर पहिल्यांदा भेटले. दोघांनी चौकोन भरले, मग एकमेकांकडे बघितलं आणि निम्मे खोडले. आठवड्यातला एक चौकोन रिकामाच ठेवायचा, बाराही मुलींसाठी. मुली त्याला गादीवार म्हणत. पुढच्या वर्षी समोरच्या शाळेच्या मुलींनीही तो शब्द उचलला. आपण कुणाची चेष्टा करत होतो हे त्या विसरल्या असाव्यात.

'माती लाव' हे सरांच्या तोंडून जायला वर्ष लागलं. आरोळी अर्ध्यावर थांबे: "माती... ए, इकडे ये, दाखव." आणि मग तोच प्रश्न: एकाच जागी, की सगळीकडे? सगळीकडे असेल तर हसून पाठवत. एकाच जागी असेल तर शिट्टी खिशात ठेवत.

उद्घाटनांचं मात्र मी अंगावर घेतलं. तेवढंच मला कळत होतं. आमच्या मुली भाषणाच्या वेळी बसणार नाहीत, मागं उभ्या राहून जागच्या जागी हलक्या उड्या मारतील, असं मी जाहीर केलं. पहिला प्रसंग धायरीला आला. धायरी तेव्हा गाव होतं. मंडप चांगला होता, पाहुणे वेळेवर आले होते, म्हणजे तासभरच उशिरा. भाषण सुरू झालं, आणि मागं आमच्या बाराजणी उडू लागल्या. फेटेवाले संयोजक घाईघाईनं माझ्याकडे आले.

"बाई, पावणं बोलाय लागल्यात अन् पोरी नाचत्यात. बरं दिसतंय का हे?"

"नाचत नाहीत हो. अंग गरम ठेवतायत. बसल्या की पाय गार पडतात आणि मग पळताना दुखापत होते."

त्यांनी विचार केला. आमच्या मुलींकडे बघितलं, मग पुढं मांडी घालून बसलेल्या गावच्या संघाकडे. "म्हंजी तुमच्या पोरी गरम, आन् आमच्या गार?"

"तसंच."

"अन् म्याच हितं सामना भरवलाय व्हय!" ते तसेच पुढं गेले आणि त्यांनी रांगेतल्या मुलींना दबक्या आवाजात सांगितलं, "उठा गं! उड्या मारा! त्यांच्यापरीस उंच!"

पाहुणे बोलत होते, त्यांच्यासमोर दोन संघ उडत होते. आपल्या भाषणानं मुलींमध्ये एवढं चैतन्य संचारलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. ते आणखी वीस मिनिटं बोलले.

सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी तिची नडगी पुन्हा दाबली, तिनं श्वास आत घेतला नाही. पहिल्या दिवशी सरांनी तिला फक्त पाच मिनिटं सावकाश धावू दिलं, घड्याळ हातात धरून. ती थांबल्यावरही ते घड्याळाकडेच बघत होते, कारण वर बघितलं तर डोळे दिसले असते. तो मोसम तिचा गेलाच. पुढच्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात गेली, एकाच वयोगटात, कॅलेंडरवरच्या निम्म्याच चौकोनांनिशी. जिना धडाधड उतरायची. मी तिला सांगायची, हळू. ती म्हणायची, "बाई, तुम्हीच तर नीट उतरायला लावलं."

त्या वर्षाच्या शेवटी शाळेनं संघाचा सत्कार ठेवला, आणि त्यात, मुलींना दुखापतींपासून जपल्याबद्दल, व्यवस्थापकांचाही. मुख्याध्यापकांचं भाषण होतं, पाहुण्यांचं होतं. मी पहिल्या रांगेत सव्वा तास पायावर पाय टाकून बसले होते. माझं नाव पुकारलं तशी मी लगबगीनं उठले, शाल आणि नारळ घेतला आणि व्यासपीठाच्या दुसऱ्याच पायरीवर माझा मुंग्या आलेला पाय मुरगळला.

बारा मुली धावत आल्या. ती सगळ्यांत आधी पोचली. बसली, माझी चप्पल काढली आणि घोट्यावर अंगठा ठेवला.

"एकाच जागी दुखतंय, की सगळीकडे?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

"मग काही नाही," ती म्हणाली. पण दोन आठवडे रोज संध्याकाळी घरी येऊन मी चालत नाही ना, हे बघून जात असे. पहिल्या दिवशी येताना तिच्या वडिलांनी घोट्याखाली ठेवायला एक छोटी गादी पाठवली होती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. दुसऱ्या दिवशी तिनं चटणीसाठी सत्काराचा नारळ फोडला. तो नासका निघाला.